गेलेल्यांचा प्याला

मेर्ले खुर्चीवर उभी राहिली आणि तिनं चमच्यानं ग्लासावर टक टक टक केलं. मी तेव्हा आलुबुखाराच्या केकचा तुकडा ओपांच्या बशीत वाढत होते, तो कालथ्यावरच राहिला. पाच वर्षांची मुलगी आजोबांच्या वाढदिवसाला ग्लास वाजवते म्हणजे आता गाणं होणार, असं सगळ्यांना वाटलं. तिची आई सिल्के मोबाइल सरसावून बसली. बाबा फोल्कर गांधीलमाश्या हाकलायचा थांबला. ओपांनी बियरची बाटली खाली ठेवली आणि पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला शोभेल असा चेहरा केला. एकटी मीच ओळखून होते की हिला गाणंबिणं म्हणायचं नाही. तिनं डावा हात पाठीमागं घेतला होता, हनुवटी वर केली होती आणि सफरचंदाच्या रसाचा ग्लास बरोबर छातीशी धरला होता. हे उभं राहणं माझ्या बाबांचं. तिकडे जॉर्जियात, झेस्टाफोनीला, आमच्या गल्लीत लग्न असो की मयत, बाबा असेच उभे राहायचे. ते उभं राहणं जर्मनीत, कासेल शहराच्या कडेला, बागांच्या वसाहतीकडून भाड्यानं घेतलेल्या या बागेत, जिथं झुडपी कुंपणाची उंचीसुद्धा नियमात बसवलेली असते, येऊन पोचलं कसं, हे सांगू शकणारं त्या टेबलावर एकच माणूस होतं, आणि त्याच्या हातात केकचा कालथा होता.

“मी तामादा आहे,” मेर्ले म्हणाली. “सगळ्यांनी गप्प बसायचं आणि मी सांगीन तेव्हाच प्यायचं.”

“काय आहेस तू?” ओमांनी विचारलं. ओमा म्हणजे फोल्करची आई. त्यांच्याकडे बघितलं की मी नकळत सरळ बसते.

“तामादा. टेबलाची मालकीण. तेकलानं शिकवलंय.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी केक बशीत सोडला. तो आडवा पडला.

शिकवलंय म्हणजे काय, मुद्दाम थोडंच शिकवलं? मी ओ-पेअर, म्हणजे राहण्याजेवणाच्या बदल्यात मूल सांभाळणारी परदेशी मुलगी. घरातलीच एक मुलगी, असं करारात छापलेलं असतं; फक्त घरातल्या मुलीला सुट्टीचा वार ठरवून देत नाहीत, मला दिलेला आहे. पावसाच्या दुपारी घरातल्याच एका मुलीनं घरातल्याच दुसऱ्या मुलीशी काय खेळायचं? तिचे लाकडी ठोकळे मला कळत नाहीत, आणि मला जे येतं ते म्हणजे बाबांनी केलेलं ऐकून ऐकून पाठ झालेलं. तेव्हा बाहुल्यांची पंगत मांडायची, रस ओतायचा आणि प्याले उचलायचे: पहिला शांततेचा, मग देशाचा, मग आईवडलांचा, मग गेलेल्यांचा, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच लेकरांचा, म्हणजे टेबल रडत बसू नये. माझ्या बाबांना कुठलीही नोकरी धड टिकवता आली नाही, पण टेबल मात्र ते दुपारपासून उजाडेपर्यंत टिकवायचे. आईवडलांचा प्याला तर त्यांच्या हातखंड्याचा. “आई,” असं म्हणून ते नुसते थांबायचे की कारखान्यातले भट्टीवरचे गडी हुंदके द्यायला लागायचे. त्या वेळी माझी आई स्वयंपाकघरात कोंबडी तोडत असायची. कुणीतरी यायचं, डोळे पुसत तिला म्हणायचं, “लमारा, काय बोलला गं तुझा नवरा आज आईबद्दल.” आई म्हणायची, “हो का? जरा ती पातेली इकडे दे.” इतक्या वर्षांत तिनं तो प्याला एकदाही ऐकला नाही.

तर हा खेळ मेर्लेला आवडला. नको तितका आवडला. गेल्या आठवड्यात तिनं बालवाडीत दुधाचा पेला उचलला आणि एकेका मुलाला उभं करून विचारलं, तुमच्याकडचं कोण मेलं. एकाचा ससा मेला होता, एकीची पणजी. एकाचं कुणीच मेलेलं नव्हतं म्हणून तो भोकाड पसरून रडला. बाईंनी सिल्केला बोलावून घेतलं. सिल्के दातांची डॉक्टर आहे, वाईट बातमी देताना तिचा आवाज फार मऊ होतो. ती मला म्हणाली, “तेकला, रविवारी ओपांचा वाढदिवस नीट होऊ दे, सोमवारी आपण तिघं बसून बोलू.” बसून बोलू. आमच्याकडे माणसं भांडतात, ताटं आपटतात आणि तासाभरानं एकत्र जेवतात. इथं बसून बोलतात, आणि उठतात तेव्हा कुणाचीतरी बॅग भरायची असते. डिसेंबरात माझं वर्ष संपत होतं. त्यानंतर सिल्केनं शब्द टाकला तर तिच्याच दवाखान्यात मला शिकाऊ म्हणून घेणार होते. नाही टाकला तर झेस्टाफोनी. तिथं आजी गेल्यापासून आमच्या घराला कुलूप आहे आणि बाबा आत्याकडे राहून तिच्या कोंबड्यांना भाषणं देतात. मला परत जायचं नव्हतं. हे मी कुणाला मोठ्यानं बोलून दाखवलं नव्हतं, पण आठवडाभर मी भांडी जास्तच घासून ठेवत होते.

“पहिला प्याला शांततेचा,” मेर्ले म्हणाली. “जगात आणि बालवाडीत.”

सगळे हसले. माझा जीव जरा भांड्यात पडला. ओपांनी बाटली उचलली.

“ओपा, बियर नको,” मेर्ले म्हणाली. “बियर शत्रूंसाठी असते.”

“कुणाचे शत्रू?”

“कुणाचेही. बियरनं मागितलेलं उलटं होतं. तेकलाचे बाबा बियर घेऊन म्हणायचे, कारखान्याचे साहेब खूप जगोत.”

खरं आहे. आमच्याकडे चांगलं मागायचं तर वाईननं मागायचं. बियरचा प्याला उचलायचा तो ज्याचं वाटोळं व्हावं असं वाटतं त्याच्यासाठी, तेही तोंडभर आशीर्वाद देऊन. पण हे जर्मन म्हाताऱ्याला त्याच्या वाढदिवशी त्याच्या स्वतःच्या बागेत सांगायचं असतं का? ओपांच्या भुवया वर गेल्या. “पंचाहत्तर वर्षांत,” ते म्हणाले, “मला माझ्या बियरबद्दल कुणी काही बोललेलं नाही,” आणि त्यांनी शांततेच्या नावानं मोठा घोट घेतला. हट्टाला पेटले की ते असे लाल होतात. फोल्कर मान खाली घालून हसत होता. सिल्केनं माझ्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

मग ओमा-ओपांचा प्याला झाला, तोही बरा झाला. मेर्लेनं सांगितलं की ओमा कडक आहेत पण खिशात गोळ्या असतात. टाळ्या पडल्या. आता हिनं खाली बसावं, नुसतं बसावं. मी तिच्या फ्रॉकचं टोक खालून ओढलं. तिनं माझा हात झटकला, टोपलीतला पाव घेतला, त्याचे दोन तुकडे केले, आणि मला कळून चुकलं. गेलेल्यांच्या नावानं पावावर वाईनचे थेंब सोडतात. थेंब सोडण्यात तर तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे.

“आता गेलेल्यांचा प्याला,” मेर्ले म्हणाली आणि ग्लास तिरका केला. “एक थेंब आमच्या गिनीपिगसाठी. तो चांगला होता, फक्त चावायचा.” थेंब. “एक थेंब हेनिंगकाकासाठी.”

गांधीलमाश्या तेवढ्या केकभोवती घोंघावत राहिल्या. हेनिंग फोल्करचा मोठा भाऊ. ओमांच्या घरी बोळात त्याचा फोटो आहे, मोटारसायकलवर बसलेला, केस डोळ्यांवर आलेले. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, हा कोण. “माझा भाऊ. होता,” फोल्कर म्हणाला आणि भांड्यांच्या मशीनमध्ये धुतलेलीच भांडी परत लावायला लागला. नंतर सिल्केनं मला बाजूला घेऊन सांगितलं, हेनिंगबद्दल या घरात कुणी बोलत नाही, ओमांना सहन होत नाही, आणि मेर्लेला तर काही सांगायचंच नाही. पण मेर्लेनं मला विचारलं तेव्हा मी सांगून बसले होते. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही हे मला जमत नाही, आमच्याकडे मेलेले लोक जेवायला असतातच. आता ओमांचा चेहरा पांढरा पडला होता, सिल्केनं डोळे मिटून घेतले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं माझी निळी बॅग आली, जिची चेन एका बाजूला उसवली आहे.

“आणि एक थेंब,” मेर्ले म्हणाली, “तेकलाच्या आईसाठी.”

माझी आई इटलीत आहे, बारीला, धडधाकट. सिन्योरा पिना नावाची एक म्हातारी सांभाळते. मी शाळेत होते तेव्हा गेली ती परत आली नाही, कारण कागद नव्हते, मग कागद झाले तर म्हातारीला कुणाच्या भरवशावर सोडायचं. मला आजीनं वाढवलं. आता मीही कुणाची तरी पोर वाढवते, म्हणून आम्हा मायलेकींना बोलायला विषय मात्र आयता मिळाला. “माझीनं आज भाजी थुंकून टाकली,” आई म्हणते. “माझीनं पण,” मी म्हणते. “माझीला मोजे नको असतात.” “माझीला चपला.” कधी कधी फोन ठेवल्यावर लक्षात येतं की आम्ही एकमेकींबद्दल काहीच विचारलं नाही. मार्चमधल्या एका दिवशी मेर्लेला पोहायला सोडून मी तलावाबाहेरच्या बाकावर बसून फोनवर बोलत होते. आई उन्हाळ्यात येणार होती, नक्की येणार होती, तिकीट बघितलं होतं, ते रद्द झालं असं ती सांगत होती, म्हातारी तिच्याशिवाय घास घेत नाही म्हणून. मी चिडून भराभर बोलत होते. “थांब गं आई,” ती म्हणाली. आमच्याकडे आई लेकराला आई म्हणूनच हाक मारते. का ते विचारू नका, सगळ्या मारतात. मी थांबले. इतक्या मायेनं तिनं ते म्हटलं होतं. आणि मग मला चमचा वाजलेला ऐकू आला, आणि ती म्हणाली, “हां, उघड तोंड, शहाणी माझी.” ते माझ्यासाठी नव्हतं. मी त्या बाकावर, पोहण्याच्या तलावाबाहेर, तोंड थोडं उघडं ठेवून बसले होते. त्याच दुपारी मेर्लेनं पाव हातात घेऊन विचारलं, “तेकला, तुझ्याकडचं कोण मेलं?” मी म्हटलं, आजी. “आणि?” आणि माझी आई, मी म्हणाले. माझ्या लेखी मेली, असं रागात म्हणतात तसंच म्हणाले, पण लेखी-बिखी मुलांना कळत नाही, आणि मला तरी कुठं तिला ते समजावायचं होतं? थेंब पडला आणि मला बरं वाटलं. त्यानंतर प्रत्येक पावसाच्या दुपारी पडत राहिला.

“तेकला,” फोल्कर हळू आवाजात म्हणाला, “आम्हाला काहीच माहीत नव्हतं गं.”

“तू बोलली का नाहीस?” सिल्के म्हणाली. तिचे डोळे भरले होते. गेल्या महिन्यात तिनं मला विचारलं होतं, हे सूप आईकडून शिकलीस का, आणि मी तिथून उठून गेले होते. तिला आता बहुतेक तेच आठवत असावं. “बिचारी पोर, आणि आम्ही तिला भांड्यांचं मशीन नीट लावत नाही म्हणून बोलतो,” ओपा बाटलीला म्हणाले.

आता सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलं, आणि ओमांनी टेबलावरून हात लांब करून माझा हात पकडला. ओमा कुणाला हात लावत नाहीत. वाढदिवसालासुद्धा खांद्यावर थोपटतात, धूळ झटकल्यासारख्या.

“अलावेर्दी, ओमा,” मेर्ले म्हणाली.

“म्हणजे काय?”

“म्हणजे प्याला तुझ्याकडे आला. आता तू बोलायचं. नाही म्हणता येत नाही.”

“नाही म्हणता येत नाही?” ओमांनी मला विचारलं.

“नाही येत,” मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

ओमांनी माझा हात न सोडता दुसऱ्या हातात कॉफीचा कप घेतला. “या केकवरचे आलुबुखार तो वेचून खायचा,” त्या म्हणाल्या. “खालचा केक माझ्यासाठी ठेवायचा. मी ओरडायची.” फोल्कर त्यांच्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसा बघत होता. “आणि ते कुंपण. गेर्ड, ते कुंपण आठवतं?” हे ओपांना. त्यांच्या तोंडून कसलासा आवाज आला. “वसाहतीच्या अध्यक्षांनी नोटीस पाठवली, कुंपण नियमापेक्षा तळहातभर जास्त उंच आहे. हेनिंग म्हणाला, मी कापतो. सकाळी आलो तर त्यानं कुंपणाचं ढुंगण केलेलं. भलं मोठं, गोल, दोन्ही बाजू सारख्या. अध्यक्षांच्या बागेकडे वळवलेलं.” मेर्लेला हे अनपेक्षित होतं, तिचा ग्लास कलंडला. “फार सुबक केलं होतं,” ओपा म्हणाले, “हात चांगला होता पोराचा,” आणि ते हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी ते कापून टाकलं,” ओमा म्हणाल्या. “त्याच दिवशी. लोक काय म्हणतील म्हणून सपाट केलं. महिन्याभरानं तो गेला. अजूनही मी दर वर्षी ते कुंपण मोजते आणि मला वाटतं, राहू द्यायचं होतं मी ते. राहू द्यायचं होतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुला कळेल. तुझंही गेलंय.”

आता जर मी म्हटलं की माझी आई मजेत आहे, परवाच तिनं केस रंगवले, तर ही बाई हात काढून घेईल, कप खाली ठेवेल आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. मेलेल्याबरोबर मेलेलीच लागते. मी मनात म्हटलं, आई, जरा वेळ मेलेली राहा. फक्त हा प्याला होईपर्यंत. इतकी वर्षं लांब राहिलीस, आणखी पाच मिनिटं. आमच्याकडे जिवंत माणसाचा थेंब पाडणं म्हणजे घोर अपशकुन आहे हे मला माहीत होतं, आणि तरी मी मान हलवली, ओमांचा हात दाबला, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी आपापलं पेय उचललं. ओपांनी उभं राहून बियर उचलली. “हेनिंगसाठी,” ते म्हणाले, “आणि तेकलाच्या आईसाठी.” सगळ्यांनी घोट घेतला.

साखरेच्या भांड्याला टेकवलेला माझा फोन थरथरला. रविवारी या वेळेला तो थरथरतोच. पडद्यावर आईचा फोटो आला, लाल लिपस्टिक, गॉगल, मागे समुद्र. तो फोटो मी मेर्लेला एकदा दाखवला होता, आणि तिची आठवण फार चांगली आहे.

“तेकला,” मेर्ले म्हणाली, “तुझी मेलेली आई फोन करतेय.”

फोल्करच्या नाकातून कॉफी आली. सिल्के माझ्याकडे, फोनकडे, परत माझ्याकडे बघत राहिली. फोन थरथरत साखरेच्या भांड्यापासून केककडे सरकत होता. मी मरायला तयार होते, कुठल्याही पेयानं. ओमांनी फोन बघितला, मग मला. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

“घे,” त्या म्हणाल्या. “असा फोन आलाच तर घ्यावा.”

मी घेतला. आई तिच्या बारीच्या स्वयंपाकघरात होती, मागे सिन्योरा पिना गळ्यात लाळेरं बांधून बसलेली. “काय गं आई, इतकी माणसं?” आई म्हणाली. “का रडतायत? कोण गेलं?”

“तू,” मी म्हणाले, आणि आमच्या भाषेत घडाघडा सगळं सांगितलं, बाक, चमचा, थेंब. टेबलावर कुणाला शब्द कळत नव्हता, पण सगळे पुढं वाकून ऐकत होते. मागे म्हातारीनं ताट वाजवलं. आईनं वळून पाहिलं नाही.

“मला मारलंस,” ती म्हणाली.

“हो.”

“कशानं प्यालात?”

“पोरीनं रस. बाकीच्यांनी कॉफी.”

“ते धरत नाहीत.”

“एकानं बियर.”

“बियर?” आईचा चेहरा फोनमध्ये मोठा झाला. “कुणी? दाखव मला.” मी फोन ओपांकडे वळवला. त्यांनी ताठ बसून मान लववली. “बियरनं माझ्या मरणाचा प्याला,” आई म्हणाली, आणि हसायला लागली, तिचं ते जुनं, पातेल्यावर झाकण नाचावं तसं हसणं. “त्या बुवांना सांग, उलटं झालं. त्यांनी माझं आयुष्य वाढवलं. आता मी सगळ्यांना पोचवून मगच जाते.”

मी ओपांना सांगितलं. “मी म्हटलंच होतं,” ओपा म्हणाले, “बियरमध्ये वाईट काही नाही.” मग त्यांचा चेहरा बदलला. “आणि हेनिंगला? त्याचंही उलटं?”

“तुला सांगितलं होतं मी,” मेर्ले कडकपणे म्हणाली.

ओमा उठल्या. बागेतल्या लाकडी खोलीत जाऊन त्यांनी वाईनची बाटली आणली, धूळ ॲप्रनला पुसली आणि उघडायला फोल्करकडे दिली. सिल्केनं ग्लास मांडले. पहिला तिनं मला भरून दिला आणि वाकून कानात म्हणाली, “सोमवारी आपण बोलणारच आहोत, ते सुटत नाही तुला. पण डिसेंबरनंतरचंही बोलू. दवाखान्यात रोग्यांना विचारायचं नाही मात्र, कुणाचं कोण मेलं.” हेनिंगचा प्याला पुन्हा झाला, नीट, वाईनचा. आई फोनमधून सगळं बघत होती.

“आता एक अडचण आहे,” मेर्ले म्हणाली. ती अजून खुर्चीवरच होती. पावाचा तुकडा तिनं हातात धरला होता. “तेकलाच्या आईला कुठल्या प्याल्यात ठेवायचं? ती मेलेली नाही. पण ती इथं पण नाही.”

मी बाबांचा क्रम मनात पहिल्यापासून म्हणून बघितला. शांतता, देश, आईवडील, गेलेले, लेकरं. तिच्यासाठी जागा नव्हती. बाबांना तो क्रम त्यांच्या बाबांनी शिकवला होता, आणि त्यांच्या वेळी आया स्वयंपाकघरापलीकडे कुठं जात नसत.

“काय म्हणते पोरगी?” आईनं विचारलं. मी सांगितलं.

मेर्ले खुर्चीवरून उतरली. खुर्ची तिनं माझ्याकडे ढकलली. “अलावेर्दी, तेकला,” ती म्हणाली. मी खुर्चीवर चढले नाही, पण उभी राहिले, डावा हात पाठीमागं, हनुवटी वर, आणि ग्लास छातीशी धरला.

“आई,” मी म्हणाले, आणि बाबांसारखी थांबले. पण बाबा मुद्दाम थांबायचे.

बारीत म्हातारीनं पुन्हा ताट वाजवलं. “थांब गं आई,” आई म्हणाली, आणि या वेळी ती म्हातारीलाच म्हणाली, ते मला स्पष्ट कळलं, कारण ती बघत माझ्याकडे होती. तिनं चमचा खाली ठेवला. ओले हात ॲप्रनला पुसले. मग एक खुर्ची ओढली आणि तिच्या त्या स्वयंपाकघरात ती खाली बसली.

“बोल,” ती म्हणाली. “ऐकतेय.”